उन्हातला सामना आणि थांबवण्याचा अधिकार

भर उन्हात खेळणाऱ्या खेळाडूला उष्णता दोन बाजूंनी गाठते. एक उष्णता सूर्याची, तापलेल्या जमिनीची आणि हवेची असते. दुसरी त्याच्या स्वतःच्या स्नायूंत तयार होते, आणि जोरदार खेळात ही दुसरीच अधिक धोक्याची ठरते, कारण स्नायूंनी वापरलेल्या ऊर्जेपैकी जेमतेम पाचवा ते चौथा हिस्सा प्रत्यक्ष हालचालीच्या कामी येतो आणि बाकीची सारी ऊर्जा उष्णतेच्या रूपाने शरीरात सुटते. एकटा धावणारा माणूस तापू लागला की त्याचा वेग बहुधा आपोआप मंदावतो आणि आत निर्माण होणारी उष्णताही त्याबरोबर घटते. सांघिक खेळात ही मुभा राहत नाही, कारण तेथे वेग प्रतिस्पर्धी ठरवतो, जोडीदार ठरवतो आणि गुणफलक ठरवतो: खो मिळताच पाठलाग करणाऱ्याला उठावेच लागते, जोडीदाराने हाक दिली की फलंदाजाला धावावेच लागते, आणि आपण क्षणभर थांबलो तर गोल होईल हे फुटबॉलच्या बचावफळीतील खेळाडूला पक्के ठाऊक असते. त्यामुळे सांघिक खेळातील उष्णतेचा प्रश्न जितका शरीरशास्त्राचा, तितकाच खेळ कधी, कोणी आणि कोणत्या आधारावर थांबवायचा याचा आहे, आणि या दुसऱ्या बाजूकडे आपल्याकडे फार कमी लक्ष दिले गेले आहे.

शरीराच्या आतील भागाचे, म्हणजे मेंदू, हृदय, यकृत यांसारख्या अवयवांचे तापमान ३७ अंश सेल्सियसच्या आसपास राखले जाते. यालाच गाभ्याचे तापमान म्हणतात. ते वाढू लागले की त्वचेकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या रुंदावतात, आतली उष्णता रक्ताबरोबर त्वचेपर्यंत येते आणि तेथे घाम वाळताना ती हवेत निघून जाते. एक लिटर घाम पूर्णपणे वाळला तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता शरीराबाहेर पडते, आणि जोराचा खेळ चालू असताना ताशी एक ते दोन लिटर घाम येणे सामान्य असल्यामुळे ही व्यवस्था फार समर्थ आहे. मात्र तिची एक अट अशी, की घाम वाळला पाहिजे. अंगावरून निथळून जमिनीवर पडलेला घाम शरीरातील पाणी आणि मीठ घेऊन जातो, पण थंडावा जवळपास देत नाही. दुसरी अडचण रक्ताच्या वाटणीची आहे. तेच रक्त धावणाऱ्या स्नायूंनाही हवे असते आणि त्वचेलाही, आणि घामावाटे पाणी गेल्यावर रक्तातील द्रवाचे प्रमाण घटते, तेव्हा हृदयाला अधिक वेगाने धडधडून कमी रक्तात दोन्ही गरजा भागवाव्या लागतात. या ओढाताणीत आतड्यांचा रक्तपुरवठा आखडतो, त्यांचे अस्तर सैल होते आणि तेथील जीवाणूंची विषद्रव्ये रक्तात झिरपू लागतात. तीव्र उष्माघातात यकृत, मूत्रपिंडे आणि रक्त गोठण्याची यंत्रणा एकामागोमाग कोलमडण्यामागे हे एक महत्त्वाचे कारण मानले जाते.

घाम वाळण्याची ही अट लक्षात घेतली की केवळ तापमापकावरील आकडा का फसवा असतो हे कळते. नागपुरात मे महिन्यात माठातले पाणी गारेगार होते आणि मुंबईत तोच माठ नाइलाजाने कोमट पाणी देतो. माठाच्या अंगावरून पाणी वाळण्याचा जो नियम, तोच खेळाडूच्या त्वचेवरून घाम वाळण्याचा आहे. थर्मामीटरच्या टोकाला ओले फडके गुंडाळले तर त्यावरचे पाणी वाळताना पारा खाली येतो, आणि तो जेथे स्थिरावतो त्याला आर्द्र तापमान म्हणतात. नागपुरात हवा ४४ अंशांवर आणि सापेक्ष आर्द्रता १५ टक्के असेल तर हे आर्द्र तापमान सुमारे २३ अंश निघते, तर मुंबईत हवा ३४ अंशांवर आणि आर्द्रता ७० टक्के असेल तर ते २९ अंशांच्या आसपास जाते. म्हणजे ज्या दिवशी मुंबईकर ‘आज फारसे ऊन नाही’ असे म्हणतो, त्या दिवशीही धावणाऱ्या शरीराला स्वतःला थंड करणे विदर्भातल्यापेक्षा अवघड जाऊ शकते. नवी मुंबईतील खारघर येथे १६ एप्रिल २०२३ रोजी उघड्या मैदानावर झालेल्या पुरस्कार समारंभानंतर उष्माघाताने १४ जणांचा मृत्यू झाला, तेव्हा त्यांच्यापैकी कोणीही खेळत नव्हते; ते श्रोते म्हणून उन्हात बसले होते. किनारपट्टीवरचे ऊन काय करू शकते याची याहून दुःखद साक्ष महाराष्ट्राला हवी असू नये.

हवेचे तापमान, आर्द्रता, ऊन आणि वारा या चारही गोष्टींचा हिशेब एकत्र मांडणारे एक माप १९५० च्या दशकात अमेरिकी नौदलासाठी झालेल्या अभ्यासातून तयार झाले. मरीन दलाच्या पॅरिस आयलंड या दमट हवेच्या प्रशिक्षण तळावर नवे सैनिक मोठ्या संख्येने उष्णतेला बळी पडत होते, आणि त्यांना वाचवण्यासाठी यॅग्लू व मिनार्ड या संशोधकांनी १९५७ मध्ये ‘वेट बल्ब ग्लोब टेम्परेचर’ हे माप मांडले, ज्याला आता सर्वत्र डब्ल्यूबीजीटी असे म्हणतात. त्यात आर्द्र तापमानाला ७० टक्के, उन्हात ठेवलेल्या काळ्या पोकळ गोळ्यातील तापमानाला २० टक्के आणि सावलीतील साध्या तापमानाला केवळ १० टक्के वजन दिले जाते. या वाटणीतच सारे आले आहे: वृत्तपत्रात ठळकपणे छापला जाणारा कमाल तापमानाचा आकडा खेळाडूच्या दृष्टीने एकूण धोक्याचा अगदी लहान भाग सांगतो. वर घेतलेल्या उदाहरणात ऊन कडक असेल तर नागपूर आणि मुंबई या दोन्ही शहरांचा डब्ल्यूबीजीटी ढोबळ हिशेबाने जवळपास सारखाच, म्हणजे ३३ च्या आसपास येऊ शकतो. हे मोजणारी हातात मावतील अशी यंत्रे आता मिळतात, आणि जिल्हा पातळीवरील प्रत्येक क्रीडा संघटनेकडे त्यांपैकी एक असणे ही चैन नव्हे.

फुटबॉलच्या जागतिक संघटनेने, म्हणजे फिफाने, हे माप नियमांत आणले ते मुख्यतः २०१४ च्या ब्राझीलमधील विश्वचषकाच्या वेळी. त्यापूर्वी २००८ च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये अर्जेंटिना आणि नायजेरिया यांच्यातील पुरुषांचा अंतिम सामना दुपारच्या कडक उन्हात खेळवला गेला, तेव्हा पंचांनी पाणी पिण्यासाठी खेळ दोनदा थांबवला होता. ब्राझीलमध्ये डब्ल्यूबीजीटी ३२ च्या वर गेल्यास प्रत्येक डावात सुमारे तीन मिनिटांची विश्रांती द्यावी असे ठरले, तेथील कामगार न्यायालयानेही तसा आदेश दिला, आणि २९ जून २०१४ रोजी फोर्तालेझा येथे नेदरलँड्स व मेक्सिको यांच्या सामन्यात अशी विश्रांती प्रत्यक्ष घेतली गेली. २०२२ चा विश्वचषक कतारमध्ये असल्यामुळे ती स्पर्धाच नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये नेण्यात आली. तोक्यो ऑलिम्पिकमध्ये महिलांच्या फुटबॉलचा अंतिम सामना सकाळी ११ वाजता ठरला होता; कॅनडा आणि स्वीडन या दोन्ही संघांनी उन्हाचे कारण देऊन आग्रह धरला, तेव्हा तो योकोहामा येथे रात्री ९ वाजता खेळवला गेला. २०२५ च्या जूनमध्ये अमेरिकेतील क्लब विश्वचषकात सिनसिनाटी येथे बोरुसिया डॉर्टमुंड या जर्मन क्लबच्या राखीव खेळाडूंनी पहिला डाव मैदानालगतच्या बाकावर न बसता आत, कपडे बदलण्याच्या खोलीतूनच पाहिला.

या सर्व उपायांना सारखे मोल देता येणार नाही. तीन मिनिटांच्या विश्रांतीत पाणी पिता येते, डोक्यावर ओला टॉवेल ठेवता येतो आणि पंचांना व वैद्यकीय पथकाला खेळाडूंच्या चेहऱ्यांकडे नीट पाहता येते, आणि हा शेवटचा लाभ सर्वांत मोठा असावा. पण एवढ्या वेळात गाभ्याचे तापमान फारसे खाली येत नाही. सामन्याची वेळ बदलणे हा मात्र असा उपाय आहे की त्यापुढे बाकीचे बहुतेक उपाय दुय्यम ठरतात, आणि तोक्योतील तो निर्णय खेळाडूंच्या मागणीमुळे झाला ही बाब विशेष नोंद घेण्याजोगी आहे. प्रक्षेपणाची वेळ, मैदानाचे भाडे आणि पाहुण्यांची सोय यांच्या हिशेबात उन्हाचा हिशेब सहसा सर्वांत शेवटी मांडला जातो.

महाराष्ट्रात हा प्रश्न उन्हाळी सुट्टीशी घट्ट जोडलेला आहे. शाळा-महाविद्यालये बंद झाली की मैदाने मोकळी होतात, गावी परतलेली मुले एकत्र येतात, गावोगावी टेनिस बॉल क्रिकेटचे चषक भरतात आणि उन्हाळी क्रीडा शिबिरे सुरू होतात, म्हणजे वर्षातला सर्वाधिक खेळ नेमका वर्षातल्या सर्वांत तापलेल्या दिवसांत होतो. एका दिवसात अनेक संघांचे सामने उरकायचे असल्यामुळे सकाळी लवकर सुरू झालेली स्पर्धा दुपारी थांबत नाही, आणि जिंकणाऱ्या संघाला तर एकाच दिवसात तीन-चार सामने खेळावे लागतात. कबड्डीने प्रकाशझोतातील संध्याकाळच्या सामन्यांची चाल पूर्वीच स्वीकारली आहे. तिथे अडचण वेगळी असते, कारण बंदिस्त सभागृहात मॅटवर खेळताना वारा नसतो आणि दमट हवा कोंडून राहते. शहरांत भाड्याने मिळणाऱ्या टर्फची, म्हणजे कृत्रिम गवताच्या मैदानांची, गोष्ट आणखी वेगळी आहे. खऱ्या गवताच्या पात्यांतून पाणी वाफ होऊन जात असल्यामुळे ते फार तापत नाही, पण प्लास्टिकच्या पात्यांना ही सोय नसल्याने भर उन्हात कृत्रिम गवताचा पृष्ठभाग ६० अंशांच्याही वर जाऊ शकतो, आणि तेथे खेळणाऱ्याला उष्णता वरून मिळते तशीच पायाखालूनही मिळते. त्यावर पाणी मारले तर तो थोडा वेळ निवतो, परंतु तेवढ्यापुरती लगतची हवा अधिक दमट होते. मे महिन्यात सकाळी १० ते दुपारी ४ या वेळात लहान मुलांना टर्फवर खेळू न देणे हा त्यावरचा साधा आणि योग्य उपाय आहे.

उष्णतेला सरावण्याची शरीराची क्षमता मोठी आहे, पण तिला वेळ द्यावा लागतो. रोज थोडा थोडा वाढवत उन्हात व्यायाम केला तर १० ते १४ दिवसांत रक्तातील द्रवाचे प्रमाण वाढते, घाम लवकर व अधिक येऊ लागतो, घामातून जाणारे मीठ घटते आणि तेवढ्याच श्रमाला हृदयाचे ठोके कमी पडतात. याला उष्णता-अनुकूलन म्हणतात. सराव सुटला तर ही कमाई दोन-तीन आठवड्यांत बव्हंशी निघून जाते, म्हणून परीक्षेच्या काळात महिनाभर अभ्यासाला बसलेला मुलगा एप्रिलच्या मध्यावर शिबिरात आला तर तो मागच्या मोसमातला खेळाडू राहिलेला नसतो. अमेरिकेतील महाविद्यालयीन फुटबॉलमध्ये असे दिसून आले की उष्माघाताच्या घटना मोसमपूर्व सरावाच्या पहिल्या काही दिवसांत एकवटलेल्या असतात. तेथील महाविद्यालयीन क्रीडा संघटनेने त्यामुळे २००३ पासून पहिले पाच दिवस दिवसातून एकच सराव आणि शिरस्त्राण, खांद्याचे कवच वगैरे साहित्य टप्प्याटप्प्यानेच अंगावर चढवण्याचा नियम केला. आपल्याकडील क्रिकेट शिबिरात हेल्मेट, पॅड आणि जांघेचे कवच घालून पहिल्याच सकाळी दोन तास फलंदाजी करणाऱ्या मुलांना हाच नियम जसाच्या तसा लागू करता येईल. कोल्हापूर किंवा महाबळेश्वरच्या हवेत वाढलेला संघ अकोल्याला स्पर्धेसाठी आदल्या रात्री पोहोचतो, तेव्हा त्या संघाला कितीही पाणी पाजले तरी अनुकूलनाची उणीव भरून निघत नाही.

पाण्याबद्दलचे गैरसमज दोन्ही टोकांचे आहेत. सरावात पाणी मागणे हा दुबळेपणा समजणारे प्रशिक्षक आता कमी झाले असले तरी नाहीसे झालेले नाहीत. दुसरीकडे, जितके जास्त पाणी तितके चांगले ही समजूत पसरत आहे आणि तीही निर्धोक नाही. घामावाटे गेलेल्या पाण्याहून बरेच अधिक साधे पाणी पोटात गेले तर रक्तातील सोडियम पातळ होते, मेंदूला सूज येते आणि डोकेदुखी, ओकारी, गोंधळलेपण अशी लक्षणे दिसतात, जी उष्माघातासारखीच वाटतात. खेळण्यापूर्वी आणि नंतर कमीत कमी कपड्यांत वजन करणे हा यावरचा सर्वांत विश्वसनीय आणि स्वस्त मार्ग आहे. सामन्यात वजन दोन टक्क्यांहून अधिक घटले तर पाणी कमी पडले, आणि ते वाढले तर नक्कीच जास्त झाले. दीर्घ खेळात पाण्याबरोबर मीठही परत द्यावे लागते, आणि त्यासाठी मीठ-साखर घातलेले लिंबूपाणी, मीठ घातलेले ताक, पन्हे किंवा कोकम सरबत ही घरची पेये उत्तम आहेत, फक्त ती फार गोड नसावीत. खिशात कांदा ठेवण्याची चाल गावाकडे श्रद्धेने पाळली जाते. तिने अपाय होत नाही, परंतु खिशातल्या कांद्याने गाभ्याचे तापमान उतरत नाही, आणि त्याच्या भरवशावर कोणी दुपारी मैदानात उतरू नये.

कबड्डीत एक धोका विशेष आहे आणि त्याची चर्चा उघडपणे व्हायला हवी. या खेळात वयोगटांना वजनाची मर्यादा असते, आणि मर्यादेच्या किंचित वर असलेली मुले वजन देण्याच्या आदल्या दिवशी पाणी तोडून, जाड कपडे घालून, उन्हात धावून घाम काढतात. वजनकाट्यावरून उतरल्यावर काही तासांतच सामना असतो, म्हणजे मुलगा आधीच सुकलेल्या शरीराने खेळायला उभा राहतो. अमेरिकेत १९९७ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये जेमतेम महिनाभरात तीन महाविद्यालयीन कुस्तीगीर अशाच रीतीने, गरम खोलीत घाम न वाळू देणारे कपडे घालून व्यायाम करताना मरण पावले, आणि त्यानंतर तेथे वजन घटवण्याच्या पद्धतींवर कडक बंधने आली. वजन सामन्याच्या अगदी आधी न घेता मोसमाच्या सुरुवातीला एकदा घेणे, आणि पाण्याची पातळी तपासूनच खेळाडूचा गट ठरवणे हा त्यावरचा मार्ग आहे. मुलांचे प्राण स्पर्धेच्या गटवारीपेक्षा मोलाचे असल्यामुळे हा बदल संघटनांनी आपणहून करावा, त्यासाठी कोणा मुलाच्या मृत्यूची वाट पाहू नये.

विदर्भात आणि नंदुरबारसारख्या आदिवासी पट्ट्यात आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. तेथे सिकलसेल या आनुवंशिक रक्तदोषाचे प्रमाण लक्षणीय आहे. आईवडिलांपैकी एकाकडूनच हा दोष आलेली व्यक्ती, जिला वाहक म्हणतात, सहसा निरोगी असते आणि तिला आपण वाहक आहोत हे कित्येकदा ठाऊकही नसते. परंतु उन्हात, पाणी कमी पडलेले असताना आणि विश्रांतीविना सलग जोरात धावावे लागल्यास अशा व्यक्तीच्या लाल पेशी विळ्याच्या आकाराच्या होऊन स्नायूंचा रक्तपुरवठा अडवू शकतात आणि ती अचानक कोसळू शकते. अमेरिकेत महाविद्यालयीन खेळाच्या सर्वोच्च श्रेणीत २०१० पासून यासाठी तपासणी सुरू झाली. भारतातही १ जुलै २०२३ रोजी सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू झाले असून त्याखाली मोठ्या प्रमाणावर रक्ततपासणी होत आहे; गडचिरोली, चंद्रपूरच्या आश्रमशाळांतील खो-खो आणि कबड्डीच्या संघांना तिचा थेट उपयोग होऊ शकतो. वाहक मुलामुलींना खेळातून बाजूला काढणे अन्यायाचे आणि अनावश्यक आहे. त्यांना हळूहळू वाढणारा सराव, मधली विश्रांती आणि पाण्याची मोकळीक मिळाली की ती इतरांसारखीच खेळतात.

खेळाडूला सामन्याआधी वा मध्यंतरात थंड करण्याचे उपायही आहेत. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेने १९९६ च्या अटलांटा ऑलिम्पिकसाठी बर्फाचे जाकीट बनवले, तेव्हापासून खेळाआधीच शरीर थोडे थंड करून ठेवण्याची कल्पना रूढ झाली. बर्फाचा बारीक चुरा मिसळलेले पेय अधिक उपयोगी पडते, कारण बर्फ वितळताना आतली बरीच उष्णता शोषून घेतो. मात्र असा बर्फ पिण्याच्या पाण्याचाच हवा. महाराष्ट्रात अखाद्य बर्फ ओळखू यावा म्हणून त्यात निळा रंग मिसळण्याचा नियम २०१८ मध्ये झाला. तो निळा बर्फ अंग थंड करायला चालतो, पोटात जाता कामा नये. मानेवर थंड पट्टी ठेवल्याने खेळाडूला फार बरे वाटते, पण गाभ्याचे तापमान तेवढे उतरत नाही, आणि बरे वाटल्यामुळे तो अधिक जोर लावू शकतो, हे प्रशिक्षकाने विसरू नये.

इतके करूनही उष्माघात होऊ शकतो, आणि तेव्हा पहिल्या अर्ध्या तासात जे होते त्यावर जीव वाचणे अवलंबून असते. वृद्ध आणि आजारी माणसांना उष्णतेच्या लाटेत होणारा उष्माघात अनेक तासांत वा दिवसांत वाढत जातो आणि त्यात त्वचा बहुधा कोरडी पडते. खेळाडूला होणारा श्रमजन्य उष्माघात याहून वेगळा असून त्यात अंग घामाने चिंब असू शकते. अंगावर घाम आहे म्हणजे उष्माघात नाही, ही समजूत त्यामुळेच प्राणघातक आहे. गाभ्याचे तापमान ४० अंशांच्या वर आणि मेंदूच्या कामात बिघाड ही त्याची दोन लक्षणे होत. हा बिघाड पुष्कळदा चमत्कारिक वागण्यातून आधी दिसतो: खेळाडू भलत्याच दिशेने धावतो, धावसंख्या विसरतो, कारण नसताना चिडतो, शिव्या देतो किंवा पाय ओढत चालतो, आणि संघाला वाटते की तो वैतागला आहे. काखेत, कपाळावर किंवा कानात घेतलेले तापमान अशा वेळी प्रत्यक्षाहून बरेच कमी दाखवते. खात्रीचे माप गुदद्वारातूनच मिळते, आणि ती सोय नसेल तर उन्हात श्रम करताना भान हरपलेल्या प्रत्येक खेळाडूला उष्माघातच झाला आहे असे धरून चालावे. तापावरची पॅरासिटामोलसारखी गोळी येथे निरुपयोगी असते, कारण तापात मेंदूच तापमानाची पातळी वर ठरवतो आणि औषध ती खाली आणते, तर उष्माघातात पातळी ठीकच असते, फक्त शरीराला तिच्यावर येता येत नाही.

अमेरिकी व्यावसायिक फुटबॉलमधील मिनेसोटा व्हायकिंग्ज संघाचा २७ वर्षांचा कोरी स्ट्रिंगर ३१ जुलै २००१ रोजी सरावानंतर कोसळला आणि दुसऱ्या दिवशी मरण पावला. त्याचे तापमान ४२ अंशांच्या वर गेले होते. त्याच्या नावाने कनेक्टिकट विद्यापीठात २०१० मध्ये सुरू झालेल्या संस्थेने जे सूत्र जगभर पोहोचवले ते असे, की आधी थंड करा, मग हलवा. रुग्णवाहिकेत घालून घाईने रुग्णालयात नेण्याची आपली स्वाभाविक ओढ येथे घातक ठरते, कारण मेंदू प्रवासभर तापतच राहतो. बर्फ घातलेल्या पाण्यात गळ्यापर्यंत बुडवून पाणी ढवळत राहिले तर गाभ्याचे तापमान सुमारे दर पाच मिनिटांना एक अंश उतरते, आणि ३९ अंशांच्या जवळ आल्यावर, किंवा माप नसेल तर दहा-पंधरा मिनिटांनी भान परतू लागल्यावर, बाहेर काढून रुग्णालयात न्यावे. मॅसॅच्युसेट्समधील फॅलमथ येथील उन्हाळी शर्यतीत १८ वर्षांत २७४ धावपटूंना श्रमजन्य उष्माघात झाला, त्या सर्वांना जागेवरच बर्फाच्या पाण्यात बुडवण्यात आले, आणि त्यांच्यापैकी एकही दगावला नाही. याउलट २०१८ मध्ये मेरीलँड विद्यापीठाच्या फुटबॉल संघातील १९ वर्षांच्या खेळाडूला सरावात उष्माघात झाला तेव्हा त्याला थंड पाण्यात बुडवले गेले नाही, तो दोन आठवड्यांनी मरण पावला, आणि विद्यापीठाच्या अध्यक्षांनी त्याची जबाबदारी जाहीरपणे स्वीकारली.

टब नसला तरी हे करता येते. मंडपाची जाड ताडपत्री जमिनीवर पसरून खेळाडूला तिच्या मधोमध निजवायचे, पाच-सहा जणांनी चारी कडा उचलून धरायच्या, आत पाणी आणि फोडलेल्या बर्फाची लादी ओतायची आणि पाणी हलवत राहायचे. एकाने डोके पाण्यावर धरून श्वास चालू आहे ना हे पाहायचे आणि दुसऱ्याने त्याच वेळी १०८ क्रमांकावर दूरध्वनी करायचा. श्वास आणि नाडी थांबली असेल तर मात्र छातीवर दाब देणे आधी. भान नसलेल्याच्या तोंडात पाणी ओतू नये. ताडपत्री, पाण्याची पिंपे आणि एक-दोन लाद्या बर्फ एवढ्या साहित्याला स्पर्धेच्या चषकाहूनही कमी पैसे लागतात, आणि मासळी बाजार असलेल्या कोणत्याही गावात बर्फ दुर्मीळ नाही. खेळवण्याची परवानगी देताना पंच ज्याप्रमाणे मैदानाच्या रेषा तपासतात, त्याप्रमाणे हे साहित्य तयार आहे का हेही तपासावे आणि नसल्यास सामना सुरू करू नये.

सामना थांबवण्याचा अधिकार खेळाडूवर सोपवता येत नाही. १९८६ च्या सप्टेंबरमध्ये मद्रासच्या चेपॉक मैदानावर, अखेर बरोबरीत सुटलेल्या कसोटीत, ऑस्ट्रेलियाच्या डीन जोन्सने आठ तासांहून अधिक वेळ फलंदाजी करून २१० धावा काढल्या; मध्ये त्याला ओकाऱ्या झाल्या, खेळणे अशक्य वाटू लागले, आणि कर्णधाराने त्याच्या कणखरपणाला आव्हान दिले तेव्हा तो पुन्हा उभा राहिला. बाद झाल्यावर त्याला रुग्णालयात नेऊन सलाइन लावावे लागले. क्रिकेटच्या इतिहासात ही खेळी शौर्याची म्हणून सांगितली जाते आणि ती होतीच. पण त्या दिवशी तो वाचला हे त्याचे नशीब होते, आणि त्या कथेवर वाढलेल्या पंधरा वर्षांच्या मुलाचे नशीब तितके चांगले असेलच असे नाही. अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०११ मध्ये स्पष्ट केले की पाणी आणि विश्रांती पुरेशी मिळाली तर मुले प्रौढांइतकीच उन्हाला तोंड देतात. मुलांचा धोका वाढतो तो मोठ्यांनी आखलेल्या वेळापत्रकाने आणि ‘मला थांबायचे आहे’ असे सरांना सांगण्याच्या भीतीने. म्हणून थांबण्याचा आकडा आधी ठरलेला असावा, तो स्पर्धेच्या पत्रकावर छापलेला असावा आणि त्याची अंमलबजावणी निकालाशी संबंध नसलेल्या व्यक्तीकडे असावी, म्हणजे कर्णधाराला वा प्रशिक्षकाला त्यावर वाद घालण्याचे कारण उरणार नाही.

उष्माघातातून वाचलेल्या खेळाडूने निदान आठवडाभर कोणताही व्यायाम करू नये, यकृत व मूत्रपिंडांच्या चाचण्या पूर्ववत झाल्याची खात्री डॉक्टरांकडून करून घ्यावी, आणि मग थंड वेळेपासून आरंभ करून दोन आठवड्यांत हळूहळू उन्हातल्या सरावाकडे यावे. पुढच्या रविवारी अंतिम सामना आहे म्हणून संघाने त्याच्या घरी निरोप पाठवू नये, आणि तसा निरोप आलाच तर घरच्यांनी त्याला नकार द्यावा.